अवघड म्हणजे किती अवघड?

पायांतले ते घट्ट रबरी बूट आधी काढा. हार्नेस, हेल्मेट, कमरेची चॉकची पिशवी, सगळं भिंतीपाशी ठेवा. कुणी नेणार नाही. त्या कृत्रिम भिंतीवर डकवलेल्या अवघडपणाच्या चिठ्ठ्या हवं तर शेवटच्या एकदा वाचून घ्या: सहा ए, सहा बी, सहा बी प्लस. मागे पहिल्यांदा सहा ए चढलात तेव्हा तुम्ही घरी फोन करून सांगितलं होतंत आणि घरच्यांनी विचारलं होतं, ‘बरं, जेवायला येणार ना?’ तो आकडा इथेच सोडून चला. जिथे जातोय तिथे रबर नाही, चॉक नाही, आणि आकडे तर अजून जन्मालाच आलेले नाहीत.

आता डोळे उघडा. नाही, पुन्हा मिटा. वारा आडवा आहे आणि त्याच्याबरोबर पाऊसही.

साल १८९७, एप्रिलची अखेर. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यातल्या ग्रेट गेबल या डोंगराच्या दक्षिण उतारावर तुम्ही उभे आहात. खाली दरीत दगडी कुंपणांनी तुकडे पाडलेली हिरवी शेतं, चार घरं, एक हॉटेल आणि झाडांत दडलेलं एक इटुकलं चर्च. हे वॉसडेल हेड. इथल्या लोकांची बढाई चार गोष्टींची असते: इंग्लंडमधला सर्वांत उंच डोंगर आमचा, सर्वांत खोल तळं आमचं, सर्वांत लहान चर्च आमचं आणि सर्वांत मोठा थापाड्याही आमचाच. डोंगर म्हणजे स्कॉफेल पाइक, ९७८ मीटर. तळं वॉस्टवॉटर, ७९ मीटर खोल. चर्चबद्दल वाद घालणारे भेटतील. थापाड्याबद्दल कुणी वाद घालत नाही. हॉटेलचा जुना मालक विल रिट्सन शपथेवर सांगायचा, की इथले सलगम एवढे मोठे होतात की मेंढ्या ते पोखरून आतच बिऱ्हाड करतात.

अंगावर काय आहे ते एकदा चाचपा. जाड ट्वीडचा कोट, गुडघ्यांपर्यंतची विजार, लोकरी मोजे. एव्हाना सगळ्याने पाणी प्यायलंय आणि भिजल्या घोंगडीचा जो वास असतो तोच तुमच्या काखेतून येतोय. पाऊल उचला. उचलत नाही ना? बुटाच्या तळाला कडेकडेने लोखंडी खिळे ठोकलेत. गवतावर ते मुकाट चालतात, पण दगडावर पाय पडला की करकर वाजतात. कधी ठिणगी उडते आणि गारगोटी घासल्याचा जळका वास येतो.

पुढ्यात तीन माणसं आहेत. एक मँचेस्टरचा वकील, एक लिव्हरपूलचा मास्तर आणि एक लालबुंद चेहऱ्याचा तरुण. हा तरुण सगळ्यांच्या डब्यातलं खातो. त्यांनी तुम्हाला काल रात्री हॉटेलात पाहिलंय, असं आपण धरून चालू. तुम्ही कोण, हे त्यांनी विचारलेलं नाही. चढता का, एवढंच विचारलं. तुम्ही हो म्हणालात. आता निस्तरा.

समोरचा सुळका पाहून घ्या. नेप्स नीडल. डोंगराच्या कुशीतून सुटा निघून साधारण वीस मीटर उभा राहिलेला. माथ्यावर एक मोठा ठोकळा आहे आणि तो तिथे का टिकलाय हे त्याचं त्यालाच माहीत. अकरा वर्षांपूर्वी हॅस्केट स्मिथ नावाचा माणूस इथे एकटाच, दोराशिवाय चढून गेला. वर उभं राहायला जागा आहे की नाही हे खालून कळेना, म्हणून त्याने आधी दगड वर भिरकावून पाहिले. एक दगड परत आला नाही, तेव्हा त्याला कळलं की माथा सपाट आहे. मग तो गेला, आणि खूण म्हणून आपला रुमाल वर ठेवून आला.

तुम्ही सवयीने विचारता, ‘किती अवघड आहे?’

तिघं एकमेकांकडे बघतात. प्रश्न उद्धट नाही, पण अर्धवट आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. वकील पाइप तोंडातून काढतो. ‘कुणाबरोबर जाताय त्यावर आहे. लॉर्टनच्या रॉबिन्सनबरोबर गेलात तर काहीच नाही.’

‘ओलं असेल तर आहे,’ मास्तर म्हणतो.

‘उंची किती तुमची?’ तरुण विचारतो आणि तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो. ‘हात पुरला तर सोपा आहे.’

इथे अवघडपणा मोजण्याची एवढीच पद्धत आहे. कोण चढलं, कुणाबरोबर चढलं, त्या दिवशी हवा कशी होती, खाली आल्यावर त्याचा चेहरा कसा होता. सगळे सगळ्यांना ओळखतात. अमक्याला इथे घाम फुटला असं म्हटलं की ऐकणाऱ्याला तो अमका डोळ्यांपुढे दिसतो, त्याचे दंड दिसतात, त्याची बढाई मारायची खोडही आठवते. मग तो मनातल्या मनात हिशेब करून आपल्यापुरतं उत्तर काढतो. आकडा कशाला हवा?

दोर बांधून घ्या. मनिला हेंपचा, तीन पिळांचा, आत लाल धागा घातलेला. तो धागा अल्पाइन क्लबच्या दोराची खूण. भिजल्यामुळे काठीसारखा ताठ झालाय. सरळ कमरेला गुंडाळून गाठ मारायची. मांड्यांना पट्टे नाहीत. लोंबकळलात तर सगळं वजन बरगड्यांच्या खाली येणार आणि श्वास तिथेच अडकणार. कड्यात मेखा नाहीत, मधे कुठे दोर अडकवायची सोय नाही. पुढचा माणूस पडत नाही. म्हणजे पडू शकतो, पण पडून वाचायची काही व्यवस्था केलेली नाही. मागच्याला मात्र वरून दोराचा आधार. एकाच कातळावर, दहा मिनिटांच्या अंतराने, एकाच्या जिवाशी खेळ आणि दुसऱ्याची निव्वळ गंमत. तुम्ही दुसरे आहात. आभार माना.

वकील वर गेला. आता तुमची पाळी. कातळात एक भेग तिरपी वर जाते. डावा पाय तिच्यात कोंबा. आणखी. खिळे किंचाळतात, मग कुठेतरी धरतात. उजव्या हाताला काही सापडतंय का? वर नाही, बाजूला बघा. कातळावर पांढुरके ओरखडे दिसतात ना? ते तुमच्याआधी आलेल्यांच्या खिळ्यांचे. जिथे ओरखडे दाट, तिथे पाऊल. हेच इथलं मार्गदर्शक पुस्तक. फक्त एवढंच, की जिथे खूप जण गेले तिथे दगड गुळगुळीतही झालाय, म्हणजे वाट जितकी स्पष्ट तितकी निसरडी.

गुडघा टेकवू नका. टेकवलात. जाऊ द्या, सगळेच टेकवतात आणि संध्याकाळी नाकबूल करतात. बोटं एव्हाना बधिर झालीत. कातळ एप्रिलमध्येही हाडापर्यंत थंड आहे, आणि त्यातून पाणी झिरपून बाहीतून कोपरापर्यंत ओघळतंय. पाठीमागून आवाज येतात. वळून बघायचं धाडस असेल तर बघा: समोरच्या कड्यावर एक रुंद टप्पा आहे, त्याला इथले लोक ‘ड्रेस सर्कल’ म्हणतात, नाटकगृहातल्या बाल्कनीचं नाव. पाच-सहा जण तिथे पाय सोडून सँडविच खात बसलेत आणि तुमच्याबद्दल मोकळेपणाने बोलताहेत. ‘पाय फार आत घातलाय.’ ‘असाच तो गेल्या वर्षीचा अडकला होता.’ ‘नाही, तो निदान ओरडत तरी होता.’

भेग संपते आणि तुम्ही सुळक्याच्या खांद्यावर येता. इथवर ठीक. आता तो माथ्यावरचा ठोकळा. त्याची कड तुमच्या छातीच्या उंचीला आहे आणि पायांखाली जवळजवळ काही नाही. दोन्ही तळवे कडेवर टेका, आणि विहिरीच्या कठड्यावर चढताना करतो तसं स्वतःला उचला. ट्वीड कातळाला घासतंय. कोटाचं एक बटण तुटून टणटण करत खाली गेलं. त्याला पोचायला बराच वेळ लागला हे तुम्ही मुद्दाम ऐकलं. पाय हवेत. एक क्षण असा येतो की वर जाणंही होत नाही आणि खाली उतरणंही. तो क्षण प्रत्येकाचा वेगळ्या लांबीचा असतो. मग कोपरं ताठ होतात, गुडघा वर येतो, आणि तुम्ही चार पायांवर, मान खाली घालून, जेवणाच्या टेबलाएवढ्या दगडावर पोचता. ड्रेस सर्कलमधून टाळ्या. एकाच माणसाच्या, पण टाळ्या.

सात वर्षांपूर्वी मिस कोखर नावाच्या बाई इथवर येऊन गेल्या, हे वकील तुम्हाला वर बसवून मग सांगतो. मुद्दामच. ममरी नावाच्या नामांकित गिर्यारोहकाने कोटी केली होती की शिखराचा दर्जा वर्षागणिक घसरत जातो आणि शेवटी ते बायकांच्या सहलीचं होतं. त्या कोटीवर इथे अजून हसतात, पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना कोखरबाईंच्या मागून दोरावर यायचीही हिंमत झालेली नाही.

उतरण्याचं वर्णन करत नाही. चढलो त्याच वाटेने उतरायचं असतं, आणि पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

खाली दरीत पोचेपर्यंत अंधारून येतं. मेंढ्यांची पिल्लं कुंपणाआड ओरडताहेत. हॉटेलचं दार ढकला. थांबा, आत पाऊल टाकायच्या आधी नाकाला तयार करा. पडवीत बुटांचा खच पडलाय. चिखलाचे, खिळ्यांचे, चरबी चोपडलेले. खुंट्यांवर ओले दोर, कोपऱ्यात बर्फाच्या कुऱ्हाडी, आणि या सगळ्यावर तंबाखूचा धूर, भाजलेल्या मटणाचा खमंग वास आणि शेकोटीपुढे वाळत घातलेल्या पन्नासेक मोज्यांची वाफ. मोज्यांबद्दल अधिक बोलत नाही. बिलियर्डच्या खोलीतून आरडाओरडा येतोय. तिथे काठ्या बाजूला ठेवून लोक नुसत्या हातांनी चेंडू फेकत बिलियर्ड खेळतात, आणि इतक्या जोरात, की खिडक्यांना जाळी बसवावी लागलीय. तासाभरापूर्वी कड्यावर जपून पाऊल टाकणारे हेच.

लांब टेबलावर जागा मिळेल तिथे बसा. कुठून आलात असं कुणी विचारलं तर जरा विचार करून सांगा. हिंदुस्थान म्हणालात की शेजारचे दोघं एकदम वळतील: नंगा पर्बत पाहिलाय का? दोन वर्षांपूर्वी ममरी तिथेच नाहीसा झाला, रागोबीर आणि गोमनसिंग या दोन गुरख्यांसह. त्याच्या मोहिमेतले कोली आणि हेस्टिंग्ज हे दोघं वॉसडेलचेच नेहमीचे भिडू. या टेबलाला ते दु:ख घरचं आहे. पण मुंबई किंवा पुणे एवढं नेमकं सांगितलंत, तर खुर्ची किंचित मागे सरकेल. तिथल्या प्लेगच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत रोज असतात. मीठ मागून विषय बदला.

जेवण झाल्यावर एक जाडजूड वही टेबलावर येते. हॉटेलात उतरणाऱ्यांनी नावं लिहायचं पुस्तक वेगळं. ही फक्त चढणाऱ्यांची, १८९० पासून इथे ठेवलेली. पानं चाळा. कुणी घळीचं चित्र काढलंय, कुणी अडकलेल्या धोंड्याखालून कसं निसटावं हे दोन पानं लिहिलंय, कुणी दुसऱ्याच्या मजकुराखाली बारीक अक्षरात खवचट शेरा मारलाय. अवघडपणाबद्दल जे काही सांगायचं ते वाक्यांत. लांब हाताच्या माणसाने पुढे जावं. कोरडं असतानाच. मोजे घालून चढलो, बूट दोराने वर ओढले. एकेक नोंद वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि वाचून झाल्यावर त्या घळीत आपण जावं की नाही हे बऱ्यापैकी कळतं. मला विचाराल तर इतकी चांगली पद्धत नंतर कुणाला सापडली नाही.

पण आज टेबलाच्या त्या टोकाला एक चष्मेवाला बसलाय. अंगाने फार मोठा नाही. बोटं मात्र बघा. ओवेन ग्लिन जोन्स, लंडनच्या सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये पदार्थविज्ञान शिकवतो. नावातल्या ओ आणि जी या आद्याक्षरांचा अर्थ ‘ओन्ली जेन्युइन’, म्हणजे अस्सल जोन्स एवढाच, बाकीचे नकली, अशी थट्टा चालते आणि त्याला ती आवडते. त्याच्या ताकदीच्या कहाण्या इथे खपतात. एका हाताची तीन बोटं दांडीला अडकवून, दुसऱ्या हाताने एक आख्खा माणूस बगलेत उचलून, त्याने स्वतःला वर ओढलं, असं सांगतात. रिट्सनच्या गावात ऐकलेली कहाणी आहे, ती त्या हिशेबाने घ्या.

आज मात्र सगळी खोली बोलतेय ती कर्न नॉट्सबद्दल. गेबलच्याच अंगावर, पायवाटेला लागून एक कातळ आहे, त्यातून एक सरळ उभी भेग वर जाते. अर्ध्या वाटेवर पहारेकऱ्याच्या खोपटासारखा एक कोनाडा आहे, म्हणून त्याला ‘सेंट्री बॉक्स’ म्हणतात. तिथवर पोचता येतं. तिथून बाहेर पडून वर जाणं, तेही पुढचा माणूस म्हणून, हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. जोन्सने ते नुकतंच केलंय. त्याआधी वरून दोर सोडून त्याने भेग तपासून घेतली होती, आणि त्यावरून शेकोटीजवळच्या जुन्या मंडळींत कुरबुर आहे. आधी चाखून मग जेवायला बसणं हे त्यांना सभ्य वाटत नाही.

आता मघाचा तुमचा प्रश्न पुन्हा विचारा. किती अवघड?

या वेळी उत्तर येतं, आणि तेही एका शब्दात. कारण जोन्स पुस्तक लिहितोय. लेक डिस्ट्रिक्टमधल्या कातळारोहणाचं, चांगलं जाडजूड, केझिकच्या अब्राहम बंधूंच्या फोटोंसह. हे दोघं भाऊ लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन कड्याकपाऱ्यांत चढतात आणि चढणाऱ्याला तीन-चार सेकंद श्वास रोखून एका पायावर उभं राहायला लावतात. पुस्तक याच वर्षी बाहेर येईल. त्यात जोन्सने इथल्या सगळ्या चढाया चार खान्यांत बसवल्यात: ‘ईझी’, ‘मॉडरेट’, ‘डिफिकल्ट’ आणि ‘एक्सेप्शनली सिव्हिअर’. सोपी, मध्यम, कठीण, आणि चौथीला तुम्ही काय वाटेल ते म्हणा. कर्न नॉट्सची भेग चौथ्यात.

शेकोटीजवळून एक म्हातारा गुरगुरतो. ‘मास्तर शेवटी मास्तरच. डोंगराला आता मार्क देणार.’

हशा होतो. तुम्हीही हसा, पण जोन्सची बाजू मला पटते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा माणूस वॉसडेलला आला तो कुणाच्या ओळखीने नव्हे. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर एका दुकानाच्या खिडकीत नेप्स नीडलचा फोटो लागला होता. तो पाहून त्याचं डोकं फिरलं आणि फोटो विकत घेऊन तो इकडे धावला. तसे आणखी येणार. आगगाडीने सीस्केलला उतरायचं, घोडागाडीने दरीत यायचं, खिशात पुस्तक, आणि ओळखीचं कुणी नाही. अशा माणसाने ‘कुणाबरोबर’ या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? अमक्याला घाम फुटला होता हे त्याला सांगून काय उपयोग? त्याने अमक्याला पाहिलेलंच नाही. रॉबिन्सनला ओळखणाऱ्यांच्या खोलीत श्रेणी लागत नाही. श्रेणी लागते ती अनोळखी माणसं येऊ लागली की. एका चढणाऱ्याने कधीही न भेटणाऱ्या दुसऱ्याला केलेली ती सूचना आहे: बाबा रे, मी इथे गेलो, तुझा अंदाज कर.

म्हणूनच ती खोटीही पडते. सूचना करणारा कोण होता, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. आपल्याकडे गडाची माहिती वाचताना शेवटी ‘श्रेणी: मध्यम’ असं असतं की नाही? त्या भरवशावर भर पावसात घरच्यांना घेऊन गेलेल्या माणसाला विचारा. लिहिणारा दर रविवारी डोंगरात असतो, त्याच्या पोटऱ्यांच्या हिशेबाने ते मध्यम.

इतक्यात आपला वकील खुर्ची ओढून जोन्सजवळ सरकलाय. बघा, मजा आहे. पाइप पेटवायच्या निमित्ताने काडी ओढतो, विझवतो, दुसरी ओढतो. मग सहज आठवल्यासारखं विचारतो की आज आपण जे केलं, ते तुमच्या कुठल्या खान्यात आहे हो? काडी बोटांपर्यंत जळत आलीय आणि त्याला भान नाही. काल रात्रीपर्यंत या माणसाला हा प्रश्न पडलेला नव्हता. काल तो एका सुंदर सुळक्यावर चढणारा सुखी माणूस होता. आज त्याला कळलंय की खाने चार आहेत आणि आपण बहुधा चौथ्यात नाही.

यादी लहान असली तरी तिच्यात एक खोड आहे, तुम्हाला ती ठाऊक आहे आणि या खोलीत सांगता येणार नाही: वरचा खाना बंद करणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो. ‘एक्सेप्शनली सिव्हिअर’ म्हणजे शिखर, त्यापुढे माणसाची मजल नाही, असं इथे सगळ्यांना वाटतंय. पुढच्या पिढ्या ‘व्हेरी सिव्हिअर’ काढतील, मग ‘हार्ड व्हेरी सिव्हिअर’, मग विशेषणं संपतील तेव्हा ‘एक्स्ट्रीम’, आणि तेही अपुरं पडलं की त्याला आकडे: ई वन, ई टू, आणि आता तर दहाच्याही पुढे. आज मोठ्या कौतुकाने ज्या भेगेची चर्चा चाललीय ती तुमच्या काळातल्या मार्गदर्शिकांत ‘व्हेरी सिव्हिअर’च्या आसपास, म्हणजे शिडीच्या मधल्या पायरीवर बसते. आणि ‘डिफिकल्ट’? ब्रिटनमध्ये आज नवशिक्यांना पहिल्या दिवशी ज्यावर चढवतात त्याचं नाव ‘डिफिकल्ट’. जर्मनांनी सहा पायऱ्या केल्या आणि सहावी म्हणजे माणसाची हद्द, असं ठरवून कित्येक वर्षं सातवी लिहूच दिली नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी दशांश आणला, पाच पॉइंट नऊला कुलूप लावलं, मग दुसऱ्या पोरांनी कुलूप तोडून पाच पॉइंट दहा लिहिलं. आपल्या गणिताच्या बाईंनी तो पाच पॉइंट एकच धरला असता.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. दोन उन्हाळ्यांनंतर आल्प्समध्ये दां ब्लांश या शिखरावर एका वाटाड्याचा पाय सुटेल आणि दोरावरचे पाचातले चौघं जातील, त्यांत हा चष्मेवाला असेल. वयाची तिशी नुकती ओलांडलेला. मागच्या माणसापाशी दोर तुटेल म्हणून तो एक वाचेल. सांगावंसं वाटतंय. पण नका सांगू. जोन्स ऐकणार नाही, आणि आत्ता तर तो उठून उभा राहिलाय, कोट काढून बाह्या सारतोय आणि सगळी खोली त्याच्यामागे बाहेर पडतेय.

कुठे? अंगणात. पाऊस उघडलाय. कुणीतरी कंदील आणलाय. हॉटेलच्या समोरच्या कोठाराची भिंत ओबडधोबड दगडांची आहे. जमिनीला पाय न लावता, भिंतीला चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं जायचं. जेवल्यावरचा खेळ. दगडांच्या कडा अंगठ्याच्या नखाएवढ्या, आणि मधे एका जागी तेवढ्याही नाहीत. चौथ्या खान्यातला माणूस इथे पडतो आणि स्वयंपाकघरातला पोऱ्या कधीकधी पार जातो. ही भिंत जोन्सच्या यादीत नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर कुणी मरत नाही, म्हणून तिला कुठल्या खान्यात घालायचं हे त्यालाही सुचलेलं नसावं. तुमच्या काळात नेमक्या अशाच भिंतींसाठी आणखी दोन-तीन स्वतंत्र मोजपट्ट्या निघाल्यात, आणि त्यांवरून भांडणं सर्वांत जास्त.

तुमचं नाव पुकारलं. बूट काढा, मोज्यांवर जा, खिळ्यांनी इथे काही होणार नाही. डावा हात त्या पांढऱ्या दगडाच्या कडेला. पोट भिंतीला लावा. मटण खाल्लंय, तरी लावा. एक पाय, दुसरा पाय. ‘छान!’ मागून कुणीतरी. बोटांच्या पेरांत दगडाची कणी रुततेय. आता ती मधली जागा. उजवा हात पुढे न्या. अजून पुढे. तिथे आहे काहीतरी, मास्तर शपथेवर सांगतोय. कंदील हलतो, सावली हलते, तुम्ही ज्याला कड समजून बोटं टेकवलीत ती सावलीच होती.

खाली शेणखत आहे. मऊ आहे, ऊबदारही. लालबुंद चेहऱ्याचा तो तरुण तुमच्या अंगावरून उडी मारून भिंतीला चिकटलासुद्धा, आणि वकील कंदिलापाशी उभा राहून चौकशी करतोय की हे पडणं डिफिकल्ट धरायचं की मॉडरेट.